सावलीची साक्ष

माझ्या नोकरीची एकतीस वर्षे सावल्या मोजण्यात गेली. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या तपासणी विभागात मी होतो. तिथे प्रोफाइल प्रोजेक्टर नावाचे यंत्र असते. त्याच्या काचेवर यंत्राचा लहानसा सुटा भाग ठेवायचा, खालून प्रकाश सोडायचा आणि समोरच्या गोल पडद्यावर पडलेली त्याची दहापट, वीसपट किंवा पन्नासपट मोठी सावली मूळ आराखड्याशी ताडून पाहायची. धातू कितीही चकचकीत असला तरी त्या पडद्यावर त्याची चकाकी उमटत नसे. उमटत असे ती फक्त कड. कड रेषेत असेल तर भाग पुढे जाई, नसेल तर लाल पेटीत पडे. शेवटी कागदावर माझी सही होई. त्या सहीचा अर्थ पहिल्याच वर्षी एका वरिष्ठांनी मला सांगितला होता : "हा भाग जो जोडणार आहे, त्याला तो पुन्हा मोजावा लागू नये, म्हणून आपण मोजतो."

निवृत्तीबरोबर हे वाक्यही कारखान्याच्या दारात मागे राहील, असे मला वाटले होते. तसे झाले नाही. आम्ही बदलापुरात, कुळगावच्या बाजूला राहतो. पत्नी शाळेतून निवृत्त झाली आणि साठीला आल्यावर चाकावर माती उचलायला शिकली. पहिली दोन वर्षे तिने केलेले बहुतेक सारे पुन्हा मातीच्या बादलीत गेले. मग हळूहळू वाडगे, कप, लहान बरण्या उभ्या राहू लागल्या. भाजणी एका स्नेह्यांच्या विजेच्या भट्टीत होते. घरात चाक आहे, आणि बाल्कनीत ओली भांडी वाळत असतात. भिंतीवरची फळी भरली तेव्हा काही भांडी विकावीत असा विचार पुढे आला. विकायची तर त्यांचे फोटो हवेत, आणि ते काम माझ्याकडे आले.

पहिला फोटो मी रात्री, जेवणाच्या टेबलावर, ट्यूबलाइटच्या उजेडात फोनवर घेतला. पत्नीने तो पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "अहो, हे माझं भांडं नाही." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. एका वाडग्यामागे किती दिवस जातात हे मी पाहत होतो. माती मळून तिच्यातली हवा काढायची, चाकावर उचलायची, अर्धवट सुकल्यावर बूड कोरायचे, मग सावलीत सावकाश वाळवायचे. पहिली भाजणी हजार अंशांच्या आतबाहेर होते, झिलई चढवल्यावर दुसरी बाराशेच्या पुढे. ओल्या मातीपासून शेवटच्या भाजणीपर्यंत भांडे साधारण दहा-बारा टक्के आक्रसते. म्हणजे जे हवे त्याहून मोठे मनात धरून घडवावे लागते. त्या सर्व काळाला मी एका क्षणात सपाट करून टाकले होते.

चूक नेमकी कुठे झाली हे शोधणे माझ्या स्वभावात आहे. छतावरचा उजेड थेट वाडग्याच्या काठावर पडून तिथे एक पांढरा डाग उमटला होता, आणि त्या डागाखाली झिलईचा रंग नाहीसा झाला होता. समोरून आलेल्या उजेडाने पोटाची गोलाई पुसली होती. फोन फार जवळ धरल्यामुळे तोंड अवाजवी मोठे आणि बूड खुजे दिसत होते. जवळची वस्तू मोठी दिसते हा दृष्टीचा नियम भिंग जवळ नेले की अधिकच जाणवतो. मागच्या फुलाफुलांच्या चादरीने उरलेसुरले लक्षही ओढून घेतले होते. भांड्यात यांतले काहीही नव्हते. चित्राने मात्र ते सगळे भांड्याच्या नावावर मांडले होते.

मग मी दिवसाच्या उजेडाकडे वळलो. आमच्या घराची एक खिडकी उत्तरेकडे उघडते. उत्तरेच्या खिडकीत ऊन थेट येत नाही, आकाशाचा पसरलेला मऊ उजेड येतो, म्हणून चित्रकार पूर्वीपासून तिला मान देत आले. आपल्या अक्षांशावर या नियमाला एक अपवाद आहे : मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि तेव्हा उत्तरेच्या खिडकीतही ऊन डोकावते. सुदैवाने त्या काळाचा मोठा भाग पावसाळ्यात जातो, आणि बदलापूरच्या पावसाळ्यात आकाशच एक अखंड पांढरा पडदा होते. इतर दिवशी मी खिडकीला पांढऱ्या मलमलीचे कापड लावतो. टेबल खिडकीच्या बाजूला येते, म्हणजे उजेड भांड्याच्या एका कुशीवर पडून दुसऱ्या कुशीकडे मावळत जातो. मावळतीच्या बाजूला थर्माकोलचा एक तुकडा उभा केला की सावली थोडी उजळते, नाहीशी होत नाही. मागे राखाडी कागद भिंतीवरून टेबलावर वळवून आणला की टेबल आणि भिंत यांमधली रेघ मिटते. घरातले सारे दिवे बंद करायचे, कारण ट्यूबचा उजेड आणि आकाशाचा उजेड यांचा रंग वेगळा असतो, आणि दोन रंगांच्या उजेडात झिलईचा खरा रंग ठरवता येत नाही.

प्रत्येक भांडे आपल्यासाठी वेगळी जागा मागते, हेही कळत गेले. उथळ वाडग्याचे सौंदर्य त्याच्या आतल्या बाजूला असते, म्हणून त्याच्याकडे जेवायला बसलेला माणूस पाहतो तसे, थोडे वरून पाहावे लागते. उंच बरणीची ओळख तिच्या बाह्यरेषेत असते. तिच्यासमोर कॅमेरा तिच्या पोटाच्या उंचीवर आणावा लागतो. चकचकीत झिलईत खिडकीचे प्रतिबिंब पडणारच. ते पुसायचे नसते, गोलाईबरोबर वळत जाईल अशा जागी आणायचे असते, कारण त्या वळणावरूनच डोळ्याला पोटाचा आकार कळतो. खरबरीत, निस्तेज झिलईला बाजूने घासत जाणारा उजेड लागतो. त्याखेरीज तिचा पोत दिसत नाही. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे विश्व मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे पांढरा कप मळकट आणि काळी बरणी फिकट उमटते. पांढऱ्याला थोडा अधिक आणि काळ्याला थोडा कमी प्रकाश देऊन ते गृहीतक माणसाने दुरुस्त करायचे असते. यंत्र सरासरी जाणते. समोरचे भांडे सरासरी नाही, हे त्याला आपण सांगायचे असते.

आपल्या भाषेत या कलेचे नाव छायाचित्रण आहे. या शब्दाने प्रकाशापेक्षा छायेला मान दिला आहे, आणि माझ्या अनुभवात तो योग्य आहे. प्रकाश वस्तू दाखवतो. तिचे वजन, तिची खोली, तिची वळणे सांगते ती सावली. एकतीस वर्षे मी कड सांगणारी सावली पाहिली होती. आता पोट सांगणारी सावली पाहू लागलो.

या शिक्षणाचा एक धडा मला अंबरनाथच्या शिवमंदिरात मिळाला. कामाला जाता-येता ते देऊळ अनेकदा पाहिले होते, पण बहुधा दुपारी. वालधुनीच्या काठावरचे हे शिलाहारकालीन मंदिर काळ्या दगडाचे आहे, आणि दुपारच्या उन्हात त्याच्या भिंती एकसारख्या काळ्या दिसतात. निवृत्तीनंतर डिसेंबरातल्या एका सकाळी तिथे गेलो. सूर्य आग्नेयेकडून तिरका येत होता आणि दक्षिणेकडची भिंत त्या तिरक्या उजेडात जणू पुन्हा कोरली जात होती. झिजलेल्या चेहऱ्यांच्या पापण्या दिसत होत्या, बोटांमधल्या फटी दिसत होत्या. तासाभराने ऊन वर आले आणि सारे पुन्हा मिटले. दगड तोच होता. साक्षीची वेळ बदलली होती.

या मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असा काळ आहे. प्रथम तो शके ७८२ असा वाचला गेला होता आणि मंदिर दोन शतकांनी जुने मानले गेले; पुढच्या अभ्यासकांनी ते वाचन दुरुस्त केले. झिजलेल्या अक्षरांपुढे विद्वानांचीही दृष्टी चुकू शकते. मला त्यात उणेपणा दिसत नाही. चुकीचे वाचन दुरुस्त करणारी दुसरी दृष्टी आली, आणि दगड तिची वाट पाहत जागेवर होता, हे मला मोलाचे वाटते. मूळ वस्तू जागेवर असेल तर प्रतिमेची चूक सुधारता येते. मूळ वस्तू जवळ नसलेल्या माणसाला मात्र प्रतिमाच प्रमाण असते, आणि तिथे प्रतिमा करणाऱ्याची जबाबदारी वाढते.

ही जबाबदारी मी एकदा पाळली नाही, ते आता सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी श्रावणात पत्नीने एक खोलगट वाडगा केला. झिलईत तांब्याचा ऑक्साइड होता आणि रंग उतरला होता राखाडीकडे झुकणारा हिरवट-निळा. मी त्याचा फोटो घेतला तेव्हा खिडकीबाहेरचे झाड पावसाने भरले होते आणि त्याच्या पानांवरून येणाऱ्या उजेडात हिरवी छटा मिसळली होती. ती छटा काढून टाकणे रास्तच होते. मी फोनवर रंग थोडा निळ्याकडे सरकवला. वाडगा मूळच्या जवळ आला. मग मी आणखी थोडा सरकवला, कारण तो अधिक सुंदर दिसत होता. मग आणखी थोडा. प्रत्येक वेळी मी मनाशी म्हणत होतो की ही दुरुस्तीच आहे. शेवटी पडद्यावर जो रंग आला तो स्वच्छ, खोल फिरोजी होता. दुरुस्ती कुठे संपली आणि बनाव कुठे सुरू झाला, ती रेघ मी ओलांडली तेव्हा मला जाणवलीही नाही. कारखान्यात एखाद्याने मोजपट्टी अशी सरकवली असती तर मी त्याला क्षमा केली नसती.

तो फोटो पाहून उल्हासनगरहून एक वृद्ध सिंधी बाई नातीला घेऊन आमच्याकडे आल्या. वय ऐंशीच्या घरात असावे. जिना चढून दमल्या होत्या, पण पाणीही न घेता त्यांनी वाडगा मागितला. दोन्ही हातांत धरला, खिडकीपाशी नेला, फिरवून पाहिला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग पत्नीला म्हणाल्या, "बेटा, भांडं चांगलं आहे. पण हा तो रंग नाही."

मग त्यांनी सांगितले. सिंध सोडले तेव्हा त्या तीन-चार वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने कपड्यांच्या गाठोड्यात एक वाडगा गुंडाळून आणला होता, सिंधमधल्या हाला गावाचा, फिरोजी. छावणीतल्या बराकीत तो बरीच वर्षे होता. पुढे एके दिवशी फुटला, आणि तुकडे कुणी कुठे टाकले हेही कुणाला आठवत नाही. "घर मला आठवत नाही, भाऊ," त्या मला म्हणाल्या, "तो रंग आठवतो."

मी त्यांना सत्य सांगितले. रंग मी बदलला होता, भांड्याचा दोष नव्हता, माझा होता. त्यांनी रागावणे मला सोपे गेले असते. त्या रागावल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, "मग भांडं राहू दे. तो फोटो मला कागदावर काढून द्या. रंग तर त्यातच आहे."

या मागणीने मी गोंधळून गेलो, आणि तो गोंधळ अनेक दिवस टिकला. मी जे खोटे केले होते तेच त्यांना खरे वाटत होते. ज्या वाडग्याचा मी बनाव केला तो जगात नव्हता. पण तसा एक वाडगा जगात एके काळी होता, आणि तो पाहिलेला एक माणूस माझ्यासमोर बसला होता. तपासणीत प्रत्येक मोजमापाला एक मूळ नमुना असतो. त्याच्याशी ताडून चूक-बरोबर ठरते. इथे नमुना फुटून गेला होता आणि त्याचे माप केवळ एका वृद्ध स्मृतीत उरले होते. अशा मापाशी माझे चित्र जुळले, तर त्याला खोटे कोणत्या अधिकाराने म्हणावे?

तो रंग पत्नीच्या वाडग्यात का आला नाही, याचे कारण रसायनात आहे. तांबे अल्कधर्मी झिलईत फिरोजी होते. सिंध-मुलतानकडच्या कारागिरांची झिलई त्या जातीची, आणि तिची भाजणीही कमी तापमानाची. आमची भाजणी बाराशे अंशांच्या पुढे जाते; चुना आणि फेल्डस्पार असलेल्या झिलईत तेच तांबे हिरव्याकडे वळते. म्हणजे तो रंग एका मातीचा, एका क्षाराचा, एका आचेचा होता. माणसे गाठोडे बांधून निघू शकतात. माती आणि आच बांधून नेता येत नाहीत.

तरीही तो रंग यापूर्वी एकदा मुंबईपर्यंत आला होता. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख जॉर्ज टेरी यांच्या नेतृत्वाखाली एक चमू अंबरनाथला आला आणि शिवमंदिराची रेखाटने, छायाचित्रे आणि साचे त्यांनी घेतले. याच टेरी यांच्या पुढाकाराने १८७०च्या दशकात जे. जे.मध्ये मृत्पात्रांचे काम उभे राहिले, आणि त्यातील नमुन्यांत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांइतकेच सिंधच्या झिलईदार भांड्यांचेही ऋण होते. अंबरनाथच्या दगडाची प्रतिमा घेणारी आणि सिंधची झिलई मुंबईत रुजवू पाहणारी दृष्टी एकाच माणसाची होती. त्यानंतर पाऊण शतकाने फाळणी झाली. कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीची पायाभरणी होऊन तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प एक ते कॅम्प पाच ही नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. पहिल्या वेळी सिंधचा रंग एक नमुना म्हणून आला होता. दुसऱ्या वेळी तो आला गाठोड्यात, आणि राहिला एका मुलीच्या डोळ्यांत.

मी फोटो कागदावर काढून आणला. देण्यापूर्वी त्याच्या पाठीवर जुन्या सवयीने तारीख घातली आणि लिहिले : "रंग बदललेला आहे. मूळ भांडे याहून हिरवट." खाली सही केली. बाईंना मराठी वाचता येत होते. त्यांनी ते वाचले, मान हलवली आणि फोटो पिशवीत ठेवला. पाठीवरच्या मजकुराने समोरच्या रंगाचे त्यांच्या दृष्टीने काहीच उणे झाले नव्हते. माझ्या दृष्टीने मात्र फार मोठा फरक पडला होता.

त्या फरकावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मते असत्य त्या निळ्या रंगात नव्हते. चित्रकार आकाश हवे त्या रंगात रंगवतो, आणि त्याला कुणी खोटे म्हणत नाही. असत्य होते ते फोटोखाली न लिहिलेल्या एका वाक्यात. विकण्यासाठी घेतलेल्या प्रत्येक फोटोखाली ते अदृश्य वाक्य असते : "हे असेच आहे." पाहणारा ते वाचतो, त्यावर विसंबून पैसे देतो, कधी त्यावर विसंबून जिना चढून येतो. त्या वाक्याच्या जागी खरे वाक्य आले, तेव्हा तोच कागद बनावाचा पुरावा राहिला नाही. एका आठवणीचे चित्र झाला. प्रतिमा सुंदर करण्याचे स्वातंत्र्य माणसाला आहे. ती कशाची साक्ष देते हे लपवण्याचे स्वातंत्र्य मात्र त्याला नाही.

भांड्यांच्या बाबतीत हे बंधन अधिक कठोर आहे, कारण भांडे मुळात डोळ्यांसाठी नसते. आपल्याकडे संत गोरोबांची कथा सर्वांना परिचित आहे. तेरच्या या कुंभाराने मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून पाहिले, आणि नामदेव अजून कच्चे आहेत असा निर्णय दिला. कथेचा आध्यात्मिक अर्थ आपल्याला ठाऊक असतो. पण तिच्या मुळाशी असलेले व्यवसायाचे ज्ञानही लक्षात घेण्याजोगे आहे. पक्के मडके डोळ्यांना ओळखू येत नाही. ते वाजवून पाहावे लागते. चीर गेलेले भांडे बद्द वाजते, धड असलेले खणखणीत. बाजारात माठ घेताना आपल्या आज्या आणि आया बोटाच्या गाठीने तो वाजवत असत, तेव्हा त्या गोरोबांचीच परीक्षा घेत होत्या. फोटोला हा कान नाही. त्याला वजन कळत नाही, ओठाला लागणारा काठ कळत नाही, हातात बसणारा कपाचा कान कळत नाही. ज्या साक्षीदाराने घटनेचा इतका थोडा भाग पाहिला आहे, त्याने तेवढ्याविषयी तरी अचूक बोलावे.

त्या प्रसंगानंतर माझी पद्धत बदलली. भांड्याच्या शेजारी पहिल्या फोटोत ठरावीक राखाडी रंगाचे पत्रक ठेवतो आणि त्यावरून रंग जुळवतो. नजरेला काय आवडते हे विचारत नाही. प्रत्येक भांड्याचा बुडाचा फोटो घेतो, कारण तिथे झिलईखालची उघडी माती दिसते आणि कोरणाऱ्या हाताची सफाईही. एका फोटोत पत्नीचा हात असतो, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. उंची, रुंदी, वजन लिहितो. झिलईत टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असेल तर ते दिसेल असा उजेड मुद्दाम घेतो आणि शब्दांतही सांगतो. यामुळे भांडी विकली जाणार नाहीत अशी मला भीती होती. ती खरी ठरली नाही. पण ती खरी ठरली असती तरी पद्धत हीच ठेवली असती, असे आज निश्चयाने म्हणू शकतो.

आणि या पद्धतीत सौंदर्य कमी झाले असेही नाही. पूर्वी मी भांडे सुंदर दिसावे म्हणून त्यात काहीतरी मिळवत होतो. आता ते जसे आहे तसे दिसावे म्हणून वाट पाहतो. ढग येण्याची वाट पाहतो, ढग जाण्याची वाट पाहतो, खिडकीचे प्रतिबिंब पोटाच्या योग्य वळणावर येईपर्यंत भांडे केसभर फिरवत राहतो. तिकाटण्यावर कॅमेरा ठेवलेला असतो. पावसाळी दुपारी एकेका फोटोला पाव-अर्धा सेकंद लागतो आणि तेवढा वेळ घरात कुणी चालायचे नाही, कारण फरशी थरथरते. पत्नी चाकावरचे हात थांबवून बसते. त्या अर्ध्या सेकंदात घरातली दोन्ही कामे एकाच वस्तूकडे पाहत असतात. ज्या वस्तूला कुणीतरी इतके लक्ष दिले आहे तिच्यात सौंदर्य बाहेरून आणावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे. पुष्कळदा आपण ज्याला सजावट म्हणतो ती न दिलेल्या लक्षाची भरपाई असते.

वाचकांपैकी फार थोडे भांड्यांचे फोटो घेत असतील. पण कशाची ना कशाची प्रतिमा दुसऱ्यासमोर ठेवण्याचे काम आज जवळजवळ प्रत्येकाकडे आले आहे. कुणी घर दाखवतो, कुणी संस्था, कुणी स्वतःचे जीवन. समोरच्याला ती वस्तू हातात घेऊन वाजवून पाहता येत नाही. तो दूर असतो, घाईत असतो, आणि विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. माझे वरिष्ठ सहीविषयी जे बोलले होते ते येथेही लागू पडते : दुसऱ्याला पुन्हा मोजावे लागू नये म्हणून आपण मोजायचे. हे कर्तव्य भव्य नाही. त्याची कुठे नोंद होत नाही. शिवमंदिराची भिंत घडवणाऱ्यांची नावेही कुणाला ठाऊक नाहीत, पण तिरका उजेड पडला की त्यांच्या छिन्नीचा प्रत्येक घाव आपल्या जागी असलेला दिसतो. साडेनऊशे वर्षांनंतर कुणीतरी सकाळी येऊन पाहील, या अपेक्षेने तो घाव घातलेला नसावा. तो घातला, कारण तो तिथे हवा होता.

पत्नीने त्या फिरोजीचा शोध सोडलेला नाही. कमी आचेची, अल्कधर्मी झिलई ती लहान चकत्यांवर करून पाहते. कधी झिलई ओघळते, कधी बारीक भेगांचे जाळे पडते, कधी रंग काळवंडतो. प्रत्येक चकतीवर क्रमांक असतो आणि वहीत तिचे प्रमाण लिहिलेले असते. गेल्या हिवाळ्यात एकोणिसाव्या क्रमांकाची चकती भट्टीतून निघाली तेव्हा ती तळहातावर घेऊन आम्ही दोघे खिडकीशी बराच वेळ उभे होतो. मी तिचा फोटो घेतला, राखाडी पत्रकाशी जुळवला, आणि रंगाला अन्य कोणताही स्पर्श न करता उल्हासनगरला नातीच्या फोनवर पाठवला. सोबत लिहिले : "रंग जसा आहे तसा."

संध्याकाळी नातीचे उत्तर आले. आजीने चष्मा लावून पाहिले, असे तिने लिहिले होते, आणि आजीचा निरोप खाली होता : "जवळ आलात. अजून थोडा निळा हवा."

पत्नीने वही उघडली आणि विसावा क्रमांक लिहिला.